आटे बसले, तरी जोड जुळतोच असे नाही

टेंभुर्णीत किंवा करमाळ्यात फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्या दुकानात दोन सुती तांब्याच्या नळीचा पितळी फ्लेअर नट सहज मिळतो. त्याचे आटे ७/१६ इंच व्यासाचे, इंचाला वीस. घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या ब्रेकला जी पाव इंची नळी लागते, तिच्या जोडाचे आटेही ७/१६ इंच, इंचाला वीस. हा पितळी नट विमानाच्या जोडावर नुसत्या बोटांनी फिरवला तरी कुठे अडखळत नाही, शेवटपर्यंत जातो. पाना लावला की घट्टही होतो. आणि तरीही हा जोड चुकीचा आहे. फ्रीजच्या नळीचे तोंड ४५ अंशांत फुलवलेले असते आणि विमानाच्या जोडाचा शंकू ३७ अंशांचा असतो. तेल अडवण्याचे काम इथे आटे करत नाहीत. ते फक्त दोन तोंडे एकमेकांवर दाबून धरतात. तेल अडते ते शंकूवर शंकू पूर्ण टेकल्यामुळे. आठ अंशांचा फरक पडला की पूर्ण टेकण्याऐवजी एक बारीक कड तेवढी टेकते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र जोड नीट बसलेला दिसतो.

ही पुस्तिका बाहेरून न दिसणाऱ्या अशा फरकांबद्दल आहे. विषय अगदी छोटा आहे: घरी बांधल्या जाणाऱ्या विमानाच्या ब्रेकसाठी होज पाइप आणि त्याची फिटिंग्ज कशी निवडावीत, कोणती एकमेकांशी जुळतात आणि कोणती फक्त जुळल्यासारखी दिसतात. पण या छोट्या विषयात कारागिरीचा एक मोठा धडा आहे, आणि तो मराठीत, आपल्या हत्यारांच्या आणि मापांच्या भाषेत मांडला जावा, असे मला मनापासून वाटते.

उजनीच्या काठावर बसून विमानाच्या ब्रेकवर का लिहायचे, हा प्रश्न वाचक विचारणारच. त्याचे उत्तर या गावांच्या रोजच्या कामात आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी साठवणुकीचा हा जलाशय माढा, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांच्या शिवाराला भिडला. तेव्हापासून कंदर, वांगी, केत्तूर, जिंती, कुगाव, चिखलठाण, शिराळ अशा गावांत शेती म्हणजे पाइपलाइन हे समीकरण झाले. उन्हाळ्यात पाणी मागे हटू लागले की मोटार पुढे न्यायची, केबल वाढवायची, पाइपाला पाइप जोडायचा. पावसाळ्यात पाणी चढले की तेच सगळे मागे आणायचे. ऊस आणि केळी दोन्ही या पाण्यावर उभ्या आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ऊसतोडणी यंत्रे, जेसीबी, पोकलेन रात्रंदिवस धावतात, आणि रात्री अकराला फुटलेला हायड्रॉलिक होज पहाटेपर्यंत बदलून देणारा मेकॅनिक गावोगावी सापडतो. युनियन, निपल, एल्बो, सॉकेट, बॅन्जो, क्रिंप हे शब्द इथे शाळकरी पोरांनाही माहीत असतात. जोड म्हणजे काय, तो का गळतो आणि कसा बंद करायचा, याचे इतके ज्ञान फार थोड्या प्रदेशांत साठलेले असेल.

विमानही या भागाला परके नाही. शेजारच्या बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची सेस्ना विमाने अनेक वर्षे उडत आली आहेत. २५ जुलै २०२२ रोजी असेच एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळले. शिकाऊ वैमानिक थोडक्यात बचावली आणि मदतीला सगळ्यात आधी धावले ते गावकरी. त्या अपघातात ब्रेकचा विषय नव्हता. पण आपल्या डोक्यावरून जाणारे यंत्रही नळ्या, नट आणि तारांचेच बनलेले असते, हे त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदा जवळून पाहिले.

घरी विमान बांधणे ही कल्पना महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिली आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, व्यवसायाने वैमानिक असलेले अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची नोंदणी मिळायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. या कहाणीतली जिद्द सर्वांच्या लक्षात राहिली, आणि ती राहावीच. मला त्यातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. गच्चीवर विमान बांधणाऱ्याला एकेक नट, एकेक नळी, एकेक वायसर स्वतः निवडावा लागतो. कारखान्यात हा निर्णय शेकडो लोकांत वाटलेला असतो, घरी तो एकाच माणसावर येतो. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली, तेव्हापासून तिथे घरी बांधलेल्या विमानांची मोठी परंपरा उभी राहिली. तिथल्या नियमाचा गाभा असा, की विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला असावा. ज्याने बांधले तोच निर्माता ठरतो. म्हणजे पानाही त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच.

आता ब्रेककडे वळू. छोट्या विमानाचा ब्रेक मोटारीच्या ब्रेकपेक्षा साधा असतो. वैमानिकाच्या पायाखाली रडरचे दोन पेडल असतात. पेडलचा वरचा भाग बोटांनी दाबला की त्यामागचा छोटा मास्टर सिलिंडर दाबला जातो, तेल नळीतून चाकापर्यंत जाते आणि कॅलिपरचा पिस्टन डिस्कवर पॅड दाबतो. उजव्या पायाचा ब्रेक उजव्या चाकाला, डाव्याचा डाव्याला. दोन्ही बाजू पूर्ण स्वतंत्र असतात. घरी बांधल्या जाणाऱ्या अनेक विमानांत पुढचे चाक मोकळे फिरणारे असते, त्यामुळे जमिनीवर कमी वेगात वळायचे ते याच दोन ब्रेकच्या जोरावर. एका बाजूचा जोड गळला तर विमान थांबायला उशीर होतोच, शिवाय ते सरळही राहत नाही. धावपट्टीवर वेग असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर विमान त्या बाजूला ओढले जाते. शिवाय गळलेले तेल तापलेल्या डिस्कवर पडले तर आग लागू शकते. दोनशे रुपयांच्या जोडाला इतके महत्त्व का, याचे उत्तर इथे आहे.

ऊसपट्ट्यातला अनुभवी मेकॅनिक यावर सहज म्हणेल, की मग जाड, दणकट फिटिंग लावा, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे लावा, ते कशाला फुटेल? हा विचार मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यामागची तळमळ खरी आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब साधारण १५० ते २०० बार, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या वरचा असतो. छोट्या विमानाच्या ब्रेकचा दाब काही शे पीएसआयच असतो. ताकदीचा हिशेब केला तर ट्रॅक्टरचा होज कितीतरी सरस ठरतो. पण प्रश्न ताकदीचा नसतो. विमानाच्या ब्रेकचा जोड फुटतो तो बहुधा दाबामुळे नाही. तो न जुळणाऱ्या तोंडामुळे गळतो, चुकीच्या तेलात सील फुगल्यामुळे सुटतो, कंपनामुळे तडकतो, पीळ बसल्यामुळे सैल होतो. जाडी वाढवून यातले काहीही सुधारत नाही, वजन मात्र वाढते. म्हणून या पुस्तिकेची मांडणी ताकदीवर नसून जुळण्यावर आहे, आणि जुळणे तपासण्यासाठी प्रत्येक जोडाला पाच प्रश्न विचारायचे आहेत. पुस्तिकेतली पहिली पाच प्रकरणे म्हणजे हेच पाच प्रश्न.

पहिला प्रश्न: तेल नेमके कुठे अडते? पाण्याच्या पाइपात ते आट्यांतच अडते. आटे उतरते असतात, सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावून आवळले की आटे आट्यांत रुततात. शंकूच्या जोडात ते धातूवर धातू टेकून अडते. बॅन्जोत तांब्याच्या वायसरवर अडते, आणि सरळ आट्यांच्या पोर्टमध्ये ओ-रिंगवर. ही चार वेगवेगळी तत्त्वे आहेत आणि प्रत्येकाची शिस्त वेगळी आहे. शंकूच्या जोडाला टेप लावणे ही आपल्याकडची सर्रास चूक. तिथे टेपचे काहीच काम नाही. उलट टेपचा तुटलेला धागा मास्टर सिलिंडरच्या बारीक भोकात जाऊन अडकला तर ब्रेक सुटत नाही, लागलेलाच राहतो. उतरत्या आट्यांनाही विमानात टेपऐवजी लेप वापरण्याकडे कल असतो, आणि पहिला आटा कोरडा सोडतात, तो याच कारणासाठी.

दुसरा प्रश्न: आटे कोणत्या कुळातले? इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून हे प्रकरण सर्वांत मोठे आहे. आपल्याकडचे पाण्याचे पाइप आणि त्यांची फिटिंग्ज ब्रिटिश पद्धतीच्या बीएसपी आट्यांची असतात. भारतीय मानकांनीही तीच पद्धत घेतली. तिच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. विमानाच्या कॅलिपरवर आणि मास्टर सिलिंडरवर बहुधा अमेरिकी एनपीटी आटे असतात, त्यांचा कोन ६० अंशांचा. मोटार आणि मोटारसायकलच्या ब्रेकला मेट्रिक आटे, त्यांतही एम १० गुणिले १ हे माप घरोघरी. आता चार आकडे शेजारी ठेवून पाहा. विमानाच्या फिटिंगच्या एएन-३ मापाचा आटा ३/८ इंचाचा, म्हणजे ९.५३ मिलिमीटर. आठांश इंची बीएसपी ९.७३ मिलिमीटर. एम १० म्हणजे १०.०० मिलिमीटर. आठांश इंची एनपीटी साधारण १०.२९ मिलिमीटर. चार वेगळ्या उपयोगांच्या पद्धती आणि सगळ्या मिळून एका मिलिमीटरच्या आत. डोळ्याला चारही सारखे दिसतात. ३/८ इंचाचा नर एम १० च्या मादीत ढिला, पण सहज जातो. दोन आट्यांतले अंतर एकाचे १.०६ मिलिमीटर, दुसऱ्याचे १.००. आटे अर्धवटच धरतात आणि दाब आला की सोलून निघतात. आठांश बीएसपी आणि आठांश एनपीटी यांत इंचाला अनुक्रमे २८ आणि २७ आटे. एक-दोन फेरे सुखाने जातात, मग जड होते, आणि सवयीचा हात म्हणतो, आवळत राहा, बसेल. इथे जड होणे हीच सूचना असते. पुढे आवळले की अॅल्युमिनियमच्या कॅलिपरचे आटे कायमचे जातात. अर्धा आणि पाऊण इंचात तर बीएसपी आणि एनपीटी दोन्हीचे इंचाला चौदाच आटे, त्यामुळे तिथे फेऱ्यांवरूनही लवकर कळत नाही. कोन आणि व्यास मात्र वेगळेच राहतात.

हा गोंधळ डोळ्याने सुटत नाही, हत्याराने सुटतो. एक व्हर्नियर, एक इंची आणि मेट्रिक पिच गेज, आणि शंकू मोजायची पट्टी, एवढे सामान पुरते. आपले जुने मिस्त्री सुतात मोजतात. आठांश इंच म्हणजे एक सूत ही पद्धत चांगली आहे, पाव इंची नळीला दोन सुती म्हणणे अगदी बरोबर. पण सूत नळीचे माप सांगते, आट्यांचे कूळ सांगत नाही. म्हणून पुस्तिकेतल्या तक्त्यांत सूत, इंच आणि मिलिमीटर ही तिन्ही मापे शेजारी शेजारी दिली आहेत, आणि प्रत्येक मापापुढे आट्यांचे कूळ लिहिले आहे.

तिसरा प्रश्न: आकड्याचा अर्थ काय? विमानाच्या फिटिंगवर वजा चार, वजा सहा असे आकडे असतात. हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात नळीचा बाहेरचा व्यास सांगतो. चार म्हणजे चार सोळांश, म्हणजे पाव इंच. ट्रॅक्टरच्या होजवरही चार असा आकडा दिसतो, पण तिथे नेहमीच्या आर-१ आणि आर-२ जातीच्या होजवर तो आतल्या भोकाचे माप सांगतो. विमानाच्या मध्यम दाबाच्या चार नंबरच्या रबरी होजचे आतले भोक मात्र पाव इंचाचे नसून तीन सोळांश इंचाचे असते, कारण तो होज चार नंबरच्या नळीला जोडण्यासाठी असतो. दोघांवर एकच आकडा आणि आतली वाट वेगळी. म्हणून दुकानात ‘चार नंबरचा होज द्या’ एवढे सांगून काम होत नाही. कोणत्या मानकाचा, आतले भोक किती, टोकाला कोणता जोड, हे तिन्ही सांगावे लागते. जेआयसी नावाची औद्योगिक फिटिंग्जही ३७ अंशांचीच असतात आणि चार नंबरला आटेही तेच, त्यामुळे ती एएनशी जुळतात. फरक असतो तो आट्यांच्या अचूकतेत, धातूत आणि तपासणीच्या कागदांत. हा फरक कुठे चालून जातो आणि कुठे नाही, हे तिसऱ्या प्रकरणात विस्ताराने आले आहे.

चौथा प्रश्न: आत कोणते तेल? मला विचाराल तर नवख्याची सर्वांत घातक चूक इथे होते, कारण नाव फसवते. मोटारीत ‘ब्रेक ऑइल’ म्हणून मिळते ते डॉट ३ किंवा डॉट ४. ते खनिज तेल नाहीच, ते ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहे. त्याच्यासाठी मोटारीच्या ब्रेकमधली सील आणि होजची आतली कातडी ईपीडीएम नावाच्या रबराची असते. सेस्नासारख्या विमानांत आणि बहुतेक घरी बांधलेल्या विमानांत एमआयएल-एच-५६०६ या मानकाचे लाल रंगाचे खनिज तेल असते, किंवा त्याला पर्याय म्हणून आलेले, अधिक तापमानाला पेट घेणारे ८३२८२ मानकाचे तेल. या तेलांसाठी ओ-रिंग नायट्राइल रबराची लागते. ईपीडीएम खनिज तेलात फुगते, मऊ पडते आणि आकार सोडते. नायट्राइल ग्लायकॉलमध्ये बिघडते. म्हणजे मोटारीचा होज नावाने ब्रेकचाच असूनही विमानाच्या लाल तेलाला चालत नाही, आणि ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक होज ब्रेकचा नसूनही त्याचे रबर खनिज तेलाला चालणारे असते, फक्त बाकीच्या चार प्रश्नांवर तो नापास होतो. टेफ्लॉनची आतली नळी असलेला होज दोन्ही द्रवांना चालतो, म्हणून त्याला मागणी आहे. पण होज टेफ्लॉनचा असला तरी कॅलिपरमधली ओ-रिंग बदलत नाही, हे विसरू नये. तेलाची निवड होजवरून करायची नसते. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडरच्या निर्मात्याने जे तेल सांगितले तेच, आणि मग त्या तेलाला चालेल असा होज.

पाचवा प्रश्न: हे फिटिंग कुठून आले? निळ्या रंगाचे अॅल्युमिनियम फिटिंग बाजारात रेसिंगच्या नावाखाली भरपूर मिळते. रंग निळा आहे म्हणून ते विमानाचे होत नाही. विमानाच्या फिटिंगवर मानकाचा क्रमांक असतो. एएन ८१६ म्हणजे एका टोकाला उतरते पाइपाचे आटे आणि दुसऱ्या टोकाला ३७ अंशांचा शंकू असलेला सरळ निपल, एएन ८२२ म्हणजे तेच काम करणारा काटकोनी एल्बो, एएन ८१८ म्हणजे नट आणि एएन ८१९ म्हणजे नळीच्या फुललेल्या तोंडाला आधार देणारी बाही. क्रमांकानंतर डी अक्षर असेल तर फिटिंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ही अक्षरे पाठ करायची गरज नाही, पण ती वाचता आली पाहिजेत. ज्याच्यावर क्रमांक नाही, ज्याच्या खरेदीचा कागद नाही, ते फिटिंग कितीही चकचकीत असले तरी विमानात जाऊ नये. डीजीसीएच्या तपासणीत हा कागद मागितला जातो म्हणून हे सांगत नाही. पाच वर्षांनी तोच जोड बदलायची वेळ आली तर नेमके काय लावले होते हे बांधणाऱ्याला स्वतःला कळावे, हे त्याहून मोठे कारण आहे.

पाच प्रश्नांची उत्तरे जुळली की मग जोडणीचा हात येतो. त्यावरचे शेवटचे प्रकरण छोटे आहे, पण ते वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या १९९८ सालच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत पाव इंची अॅल्युमिनियमच्या नळीच्या नटासाठी ४० ते ६५ इंच-पौंड एवढाच पीळ सांगितला आहे, म्हणजे साधारण साडेचार ते सव्वासात न्यूटन-मीटर. पोलादी नळीला १३५ ते १५०. आपल्या हातांना ट्रॅक्टरची सवय आहे. साडेचार न्यूटन-मीटर म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा हलका जोर. सांगितलेल्या पिळाहून जास्त आवळले की नळीचे फुललेले तोंड पातळ होते आणि कंपनाने तिथेच तडा जातो. गळणारा शंकू अधिक आवळून बंद होत नाही. तो उघडून तोंड पाहायचे असते. होज बसवताना त्यावरची सरळ रेघ सरळच राहिली पाहिजे. ती वळणाने फिरलेली दिसली तर होजला पीळ पडला आहे आणि दाब येताच तो नट सैल करण्याच्या दिशेने ओढणार आहे. दाबाखाली होजची लांबी थोडी बदलते, म्हणून त्याच मार्गदर्शिकेनुसार पाच ते आठ टक्के सैल ठेवायची असते. डिस्कच्या उष्णतेपासून अंतर, चाकाच्या पायाच्या लवचिकतेसाठी वळसा, धातूच्या कडेवर घासू नये म्हणून पट्टी, आणि शेवटी हवा काढणे. बहुतेक छोट्या विमानांत हवा खालून वर काढतात. कॅलिपरकडून तेल ढकलायचे, म्हणजे बुडबुडे आपल्या स्वभावानुसार वर जातात.

ही पुस्तिका काय नाही, तेही सांगायला हवे. ही विमान बांधण्याची परवानगी नाही आणि डीजीसीएच्या नियमांचा किंवा तपासनिसाचा पर्यायही नाही. विमानाच्या आराखड्यात किंवा ब्रेकच्या निर्मात्याच्या पत्रकात जे लिहिले असेल ते या पुस्तिकेपेक्षा वरचढ आहे. ही फक्त ते पत्रक समजून घ्यायला, दुकानदाराला नेमका प्रश्न विचारायला आणि चुकीचे फिटिंग परत करायला शिकवते.

परत करणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या भागातली कारागिरी अडचणीतून वाट काढण्यावर वाढली. हंगामात ट्रॉली बंद पडली आणि नेमका भाग मिळाला नाही, तर जे आहे त्यातून ती चालती करणारा मिस्त्री मोठा मानला जातो, आणि तो मान त्याने कमावलेला आहे. त्याच्या हाताने कितीतरी ऊस वेळेवर कारखान्यात पोहोचला. पण विमानाच्या ब्रेकला या कौशल्याची गरज नसते. तिथे मोठा कारागीर तो, जो हातात आलेला, सहज बसणारा, चकचकीत जोड तपासून बाजूला ठेवतो आणि योग्य जोड येईपर्यंत आठ दिवस थांबतो. थांबण्याची ही ताकद शिकवावी लागते, कारण परिस्थितीने आपल्याला नेमके उलट शिकवलेले आहे. आयटीआयमधून फिटर किंवा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपर्यंत ही पुस्तिका पोहोचावी, असे मला वाटते ते यासाठी. त्यांच्यातला एखादा पुढे विमान देखभालीकडे जाईल. बाकीचे ट्रॅक्टर, बोटी, पंप, पोकलेन सांभाळतील. पाच प्रश्न विचारण्याची सवय दोघांनाही सारखीच उपयोगाची आहे. ट्रॉली उचललेली असताना तिच्याखाली उभ्या माणसाच्या डोक्यावरचा होजही याच नियमांनी टिकतो.

म्हणून पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी एक काम करा. आपल्या दुकानातला किंवा शेडमधला फिटिंगचा डबा जमिनीवर ओता. व्हर्नियर आणि पिच गेज घ्या आणि प्रत्येक तुकड्याचे कूळ ओळखून वेगळे ढीग करा: बीएसपी एकीकडे, मेट्रिक एकीकडे, ३७ अंशांचे एकीकडे, ४५ अंशांचे एकीकडे. जे ओळखता येणार नाहीत त्यांचा शेवटी एक ढीग उरेल. तो ढीग टाकून देऊ नका, पण वापरूही नका. पुस्तिका वाचत जाल तसतसा तो कमी होत गेला, तर तिचे काम झाले असे मी समजेन.